पाठ ‘बसवून’ सरळ होत नाही

“मुलीची पाठ वाकडी दिसली तर घाबरू नका. जड दप्तरामुळे होतं. सहा महिने खोबरेल तेलाने मालिश करा, जाणकाराकडून मणका बसवून घ्या, रोज पोहायला पाठवा. पट्टा घातला की पाठ कमजोर होते. ऑपरेशन केलं तर मुलगी लुळी पडते, पुढे मूलही होत नाही.” हा निरोप रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत फॉरवर्ड होतो आहे. त्यातलं ‘घाबरू नका’ तेवढं बरोबर.

दप्तराने पाठ दुखते, कणा वाकत नाही. वाढीच्या वयात शंभरातल्या दोन-तीन मुलांच्या कण्याला 10 अंश किंवा जास्त बाक असतो, यालाच स्कोलिओसिस म्हणतात. नेमकं कारण सापडत नाही, पण घराण्यात चालतो. कणा एका बाजूला जातो आणि मणके स्वतःभोवती पिळलेही जातात. म्हणून मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ, हात सैल सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा: बाक असेल तर एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात.

पिळलेला मणका जागेवरून निसटलेला नसतो, मग बसवणार काय? तरी ‘मालिशने फरक पडला’ असं लोक खात्रीने सांगतात, त्याचं उत्तर बहुतेकदा एक्स-रेत असतं. पहिला उभ्याने काढलेला, दुसरा झोपवून. झोपलं की बाकाचा कोन आपोआप कमी भरतो. शिवाय मोजण्यातच 5 अंशांचा फरक पडू शकतो. एक्स-रे उभ्यानेच, मानेपासून कमरेच्या हाडापर्यंत सलग हवा. छाती आणि कंबर वेगवेगळी काढून आणलेल्या फिल्मवर कोन धड मोजता येत नाही.

आणि ते ‘सहा महिने’! पाळी सुरू होण्याच्या आसपास उंची झपाट्याने वाढते, बाकही तेव्हाच. नेमका तोच काळ तेलात जातो.

पोहणं अवश्य करावं, बाक त्याने जात नाही. स्कोलिओसिससाठीचे खास व्यायाम शिकलेला फिजिओ मिळाला तर मदत होते, पण वाढत्या बाकाला ब्रेसऐवजी ते चालत नाहीत.

आता पट्टा, म्हणजे ब्रेस. वाढ शिल्लक असेल आणि कोन साधारण 25 ते 40 अंश असेल तर हाच मुख्य उपाय. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत ब्रेस घेतलेल्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्के. ब्रेसमधल्या सेन्सरने तास मोजले होते: दिवसाला सरासरी 13 तासांच्या वर घालणाऱ्यांत यश 90 टक्क्यांपुढे. दुपारी चारला घालून सकाळी सातला काढला, मध्ये तासभर खेळ-आंघोळ धरली, तरी 14 भरतात. डॉक्टरांनी 18 सांगितले असतील तर अर्थात 18. खेळ-व्यायामाला तो काढायचाच असतो, त्यामुळे पाठ कमजोर होण्याची भीती फारशी नाही. मात्र ब्रेस बाक रोखतो. पाठ कायमची सरळ करून देईल ही अपेक्षा नको.

आपल्याकडे ब्रेस सुटतो तो घामाने. आत कडेला शिवण नसलेला, मांडीपर्यंत लांब सुती बनियन घालावा, खाली ओढून सुरकुत्या काढाव्यात, मे महिन्यात दिवसातून दोन-तीनदा बदलावा. आत तेल, पावडर, क्रीम काही नको. कातडी मऊ पडून सोलते. काढल्यावरचा लालपणा अर्ध्या तासात गेला तर ठीक, फोड आला तर बनवणाऱ्याकडे. पट्ट्या कुठवर ओढायच्या तिथे पेनाने खूण करून घ्या, सैल ब्रेस म्हणजे नुसतं ओझं. उंची वाढली की तो लहान होतो, म्हणून दर चार-सहा महिन्यांनी तपासणी.

ऑपरेशनचा विचार सहसा 45-50 अंशांपुढे होतो, कारण एवढा बाक वाढ संपल्यावरही वर्षाला साधारण अंशभर वाढत राहतो. स्क्रू-रॉडने मणके जोडतात, जोडलेला भाग त्यानंतर वाकत नाही. ही खरी किंमत आहे. मज्जारज्जूला इजा शंभरात एकाहून कमी जणांना होते, आणि ऑपरेशन चालू असताना नसांचे संदेश यंत्रावर सतत पाहतात. बहुतेक मुली एक-दोन दिवसांत उभ्या राहतात. मूलही होतं. रॉड कमरेत खालपर्यंत असतील तर बाळंतपणात पाठीतून भूल देणं अवघड जातं, ते भूलतज्ज्ञाला आधीच सांगावं.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं, यांपैकी काही असेल तर मात्र हा नेहमीचा बाक नसेल. तिथे एमआरआय लागतो, आणि तोवर त्या पाठीला मालिशवाल्याचा हातही लागू देऊ नये.