पेंड

शेंगदाण्याची पेंड आपण गुरांना घालतो. सुदानमधल्या अल फाशर शहरात २०२५ मध्ये माणसं ती खाऊन जगत होती. पुढे पुढे तीही मिळेना.

हे मला सांगितलं कोंढव्यात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुदानी विद्यार्थ्याने. पुण्यात ही मुलं कित्येक वर्षं शिकायला येताहेत. त्याची मावशी अल फाशरमध्ये होती. "इथून काही पाठवता येईल का रे?" असं विचारलं, तर म्हणाला, "आंटी, धान्य आहे. रस्ता नाही."

२०१९ च्या पुरात आम्ही गोळा केलेलं सामान कोल्हापूरच्या अलीकडे अडकलं होतं. महामार्गच पाण्याखाली. पण पाणी उतरलं आणि ट्रक गेले. अल फाशरला मे २०२४ पासून सुदानच्या लष्कराशी लढणाऱ्या आरएसएफ या निमलष्करी दलाचा वेढा होता, आणि तो कुठल्याही पाण्यासारखा ओसरणारा नव्हता. परवाना द्यायचा पोर्ट सुदानमधल्या लष्कराच्या सरकारने, रस्ता दुसऱ्याच बंदुकवाल्यांच्या ताब्यात. शेजारच्या चाड देशाच्या सीमेवरचं अद्रे नाकं सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केलं, तिथून आरएसएफला शस्त्रं जातात म्हणून. ते उघडलं ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात. तोवर अल फाशरजवळच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला होता.

जून २०२५ मध्ये पंधरा ट्रकांचा ताफा पोर्ट सुदानहून १८०० किलोमीटर कापून अल फाशरच्या अलीकडे अल कोमापर्यंत पोचला. मार्ग दोन्ही बाजूंना आधीच कळवलेला होता. तरीही हल्ला झाला. पाच जण गेले, धान्य जळालं. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोटं दाखवली.

"संयुक्त राष्ट्रं काय करतात?", "त्या संस्था बंदुकवाल्यांशी बोलतातच कशा?" हे मी आपल्याकडे खूप ऐकते. मला हा राग चुकीच्या माणसांवर काढलेला वाटतो. नाक्यावर बंदूक घेऊन जो उभा आहे, त्याच्याशी बोलल्याशिवाय पोतं पुढे जात नाही. जाब विचारायचा तो नाकं बंद करणाऱ्यांना, आणि त्यांना शस्त्रं पुरवणाऱ्या देशांना. देणगी द्याच. पण रस्ते उघडा ही मागणी आपल्या सरकारनेही जगापुढे ठामपणे मांडायला हवी, आणि ती मांडा असं आपण सरकारला सांगायला हवं.

बाहेरचे पोचत नाहीत तिथे गल्लीतली पोरं मोठ्या पातेल्यात शिजवतात. या स्वयंपाकघरांना तिथे 'तकाया' म्हणतात, म्हणजे अनेक तकिये. फकिराचा तकिया आपल्यालाही ठाऊक आहे. शब्दाचं मूळ तेच. परदेशी गेलेले सुदानी मोबाइलवरून या पोरांना पैसे पाठवतात. नेटवर्क गेलं की चूल थंड. २०२४ मध्ये जगभरात ३८० हून अधिक मदत कर्मचारी मारले गेले. बहुतेक त्या त्या देशातलेच, अशाच गल्ल्यांतले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अल फाशर पडलं. मावशी चालत तविला या जवळच्या गावी पोचली. तिच्या धाकट्या मुलाचा अजून पत्ता नाही.