समुद्राखालचा जुना सिनेमा पहिल्यांदा पाहताना घ्यायची काळजी

जुलैतला रविवार, बाहेर असा पाऊस की ठाण्याच्या तलावपाळीला तळं कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळेना, आणि घरात टीव्हीवर 1954चा 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'. असा योग जुळून आला तर सावध व्हा. सिनेमा सत्तर वर्षांपूर्वीचा, त्यातून तुम्ही तो पहिल्यांदाच बघताय. तो आवडून बसण्याचा धोका फार मोठा आहे. इतकी वर्षं 'तो ना, बघितलाय लहानपणी' असं सांगत आलेल्या माणसाला हे परवडणारं नाही.

म्हणून सिनेमाआधी फोनवर सगळं वाचून काढा. गोष्ट, शेवट, कोण मरतं, काही सोडू नका. म्हणजे पडद्यावर जे घडेल ते आपल्याला आधीच ठाऊक होतं असा चेहरा ठेवता येतो. नाव दिसताच कोणीतरी म्हणेलच, "वीस हजार लीग खोल? बापरे!" तिथेच रिमोट हातात घ्या, चित्र थांबवा आणि सांगा की ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतली ती खोली नव्हे, पाण्याखालून कापलेलं अंतर आहे. लीग म्हणजे चार किलोमीटर, म्हणजे एकूण 80,000 किलोमीटर, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. समुद्र सगळ्यात खोल आहे तिथेही सुमारे 11 किलोमीटरच. ठाणे स्टेशनहून निघून कासारवडवली ओलांडली की झालं. संध्याकाळी घोडबंदर रोडने घरी येणारा जावई लगेच विचारतो, यातलं लांबचं अंतर कुठलं? त्याच्याकडे दुर्लक्ष करा. तोवर चहा गार झालेला असतो आणि गोष्ट 1868च्या सॅन फ्रान्सिस्कोत ताटकळत उभी असते. (ठाण्याला तेव्हा आगगाडी येऊन पंधरा वर्षं झाली होती. हेही सांगून टाका, पुन्हा कधी सांगणार?)

घरात एक काका लागतात. नसले तर खालच्या मजल्यावरून बोलवा. काकांचं काम एकच, पंचावन्न इंची टीव्हीला नाक लावून उभं राहायचं आणि दर पाच मिनिटांनी "रबर आहे, रबर!" म्हणायचं. आमचे काका तर मासे आले तरी म्हणाले, "तारेवर चालवलेत." समुद्राखालची दृश्यं बहामाच्या खऱ्या समुद्रात, खरे पाणबुडे उतरवून घेतलीत, हे काकांना सांगू नये. ज्येष्ठांचा मान ठेवावा.

नंतर येतो तो जेवणाचा प्रसंग, आणि इथे मात्र फार जपा. नॉटिलस या पाणबुडीच्या कॅप्टन नेमोच्या, म्हणजे जेम्स मेसनच्या टेबलावर सगळं झकपक. पाहुणे चवीचवीने खातात आणि मग कळतं की मांस म्हणून खाल्लं तो समुद्रातला साप, साय म्हणून घेतली ते देवमाशाचं दूध, आणि पुडिंग म्हणजे न जन्मलेला ऑक्टोपस. विड्यासुद्धा समुद्री शेवाळाच्या. पाहुण्यांतल्या कर्क डग्लसचा तोंडचा घास अडकतो. आमच्या शेजारच्या मावशींचं माहेर चेंदणी कोळीवाड्यातलं. त्या इतका वेळ पदराने चष्मा पुसत गप्प बसल्या होत्या, इथे पुढे सरकल्या. "साप कशाला घालतोय मेला? बोंबील मिळत नव्हते होय त्याला?" मग टेबल नीट न्याहाळून, "आणि आंबट कुठंय? ना चिंच, ना कोकम. एवढी बोट बांधली, पण मसाला वाटायला एक बाई नाही ठेवली." एवढी नेमकी समीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही. पण तुम्ही हसू नका. हसलात की सिनेमात गुंतलात.

त्यानंतर नेमो एकटाच ऑर्गनवर बाखची सुरावट वाजवत बसतो. इथे आम्हाला सोसायटीने वाचवलं. बाख रंगात आला आणि वॉचमनचा इंटरकॉम आला, "सर, टँकर आलाय, सही कोण करणार?" भर जुलैत, असल्या पावसात टँकर. जमिनीशी संबंध तोडून पाण्यात राहणारा माणूस बघता बघता मी छत्री घेऊन खाली गेलो आणि पाण्याच्या पावतीवर भिजत सही केली.

आता ग्रुपकडे वळा. सिनेमात नेमोचा देश कळत नाही. नेमो म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणी नाही'. व्हर्नला तो आधी पोलिश हवा होता, पण पुस्तकांचं रशियातलं गिऱ्हाईक तुटेल म्हणून प्रकाशकाने नको म्हटलं. पुढच्या एका कादंबरीत, 1875 साली, व्हर्नने सांगून टाकलं की तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, प्रिन्स डक्कर, 1857च्या उठावात लढलेला. आणि टिपू सुलतानचा पुतण्या की भाचा, असंही. तो हिशेब व्हर्नलाच ठाऊक. एवढं ग्रुपवर टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. बुंदेलखंड म्हटल्यावर छत्रसाल आले, मागोमाग 1729चे बाजीराव आले, आणि बघता बघता नेमो हे नेमाणे आडनावाचं लघुरूप ठरलं. एकाने कुलदैवत विचारलं. पडद्यावर काय चाललंय ते या काळात अजिबात दिसत नाही, हा या उपायाचा मोठा गुण.

एवढं करूनही एक जागा उरते. राक्षसी माखलीची. हे दृश्य आधी शांत समुद्रावर, सूर्यास्ताच्या उजेडात घेतलं होतं. त्यात तारा दिसायला लागल्या, माखली खोटी वाटायला लागली, म्हणून सगळं रद्द करून रात्र, वादळ, लाटा आणि पाऊस यांच्यात नव्याने घेतलं. मी हे सांगायला तोंड उघडलं. खिडकीबाहेरही तेच चाललं होतं. माखलीचा एक हात नॉटिलसच्या दारातून आत आला. मावशींनी माझ्या ऐन मनगटावर चिमटा काढला, "गप रे." फोन कोणाच्याच हातात नव्हता. काका टीव्हीपासून मागे मागे सरकत सोफ्यावर बसले होते, आणि सोफ्यावर आधीच मी होतो.

आणि लाइट गेली.

अंधारात बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काकांचा आवाज आला, "आल्यावर तिथून नको लावू. दहा मिनिटं मागे घे."

हे ग्रुपवर टाकू नये.