डोंगरावर पाया पडायचं आणि गल्लीत खोली नाकारायची

मी समलिंगी नाही. लग्न झालेली, मुलंबाळं असलेली, बेळगावच्या शहापुरात राहणारी बाई आहे. तरी समलिंगी, तृतीयपंथी माणसांच्या बाजूने काही लिहिलं की इनबॉक्समध्ये हमखास येतंच, "ताई, तुमचा काय संबंध?" विचारणारे बहुतेक आपलेच. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत चालणारे. तिकडून कुणी महाराष्ट्रातला आपल्या बाजूने बोलला की टाळ्या वाजवणारे. त्याला कुणी विचारत नाही, "बाबा, तू कोल्हापूरचा, तुझा काय संबंध?"

बरं, संबंध सांगते. समलिंगींना गुन्हेगार ठरवणाऱ्या दंड संहितेच्या कलम 377 मध्ये 'समलिंगी' असा शब्दच नव्हता. निसर्गक्रमाविरुद्धचा संबंध, एवढंच लिहिलेलं. म्हणजे कागदावर ते नवराबायकोलाही लागत होतं, पोलिसांचा धाक तेवढा समलिंगींच्याच वाट्याला. संमतीने ठेवलेला संबंध गुन्हा नाही, हा 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये काढून घेतला. त्या खटल्यात समलिंगी मुलांचे आईबाप कोर्टात उभे राहिले होते. सिनेदिग्दर्शक श्याम बेनेगल होते, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. शेखर शेषाद्री आणि इतर मानसोपचारतज्ज्ञ होते. पुढे नर्तक नवतेज जोहर आणि बाकीचे स्वतःच्या नावाने, आपण कोण आहोत हे उघड सांगून याचिका घेऊन गेले आणि 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. आईबापांचं जाणं लागलं आणि यांनी स्वतः पुढे होणंही लागलं.

आणि हे काही दिल्लीहून आलेलं नवं खूळ नाही. र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांसाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांची वकिली बाबासाहेब आंबेडकरांनी केली. खटला हरले, पण उभे राहिले. त्यांना कुणी संबंध विचारला असता तर काय उत्तर मिळालं असतं, कल्पना करा.

आपल्याकडची गंमत वेगळीच. माघी पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर 'उदो गं आई उदो' म्हणत जायचं, देवीला वाहिलेल्या तृतीयपंथी जोगप्पाच्या परडीत धान्य टाकायचं, पाया पडायचं. त्यांच्यातल्याच लोककलावंत मंजम्मा जोगतींना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा फोटोही फिरवले आपण. तोच जोगप्पा खोली बघायला आला की, "नको हो, शेजारचे बोलतात." (शेजाऱ्यांना विचारलं तर तेही हेच सांगतात!)

मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? सांगून कंटाळले, पण भाषणं नकोत. इथल्याच एका कार्यक्रमात स्टेजवर सगळे पाठिंबावाले, हार-शाल-श्रीफळ घेऊन, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं ते समोर शेवटच्या रांगेत. त्यांच्यातल्या एकीने माईक मागितला तर म्हणे वेळ संपली.

काम आहे ते कंटाळवाणं आहे. 2019 च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळायची सोय केली. पण घरातून बाहेर काढलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या पोरीने ऑनलाइन अर्ज भरायचा, कन्नड कागद वाचायचे, काउंटरवरच्या नजरा झेलायच्या, हे एकटीने होत नाही. सोबत कुणीतरी कन्नड येणारं, चार माणसांत वट असलेलं माणूस लागतं. तो वट आपल्याकडे असतो आणि वापरायला काही पैसे पडत नाहीत.

दुसरं, सोसायट्या, म्हणजे आपल्या सहकारी पतसंस्था. बेळगावात गल्लोगल्ली मराठी माणसाची सोसायटी, तुमच्यापैकी कितीतरी जण संचालक. ऑक्टोबर 2023 मध्ये समलिंगी विवाहाला कोर्टाने मान्यता नाकारली, ते आपल्या हातात नाही. पण बँकेत जोडीदारासोबत जॉइंट खातं उघडायला, त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय. तुमच्या सोसायटीत दोन पोरी एकत्र खातं उघडायला आल्या तर मॅनेजर काय म्हणेल? येत्या मीटिंगला विचारा की. आणि कोण आल्या होत्या ते चहाच्या टपरीवर सांगू नका. इथे अर्धं गाव नात्यातलं, कुणाचं गुपित आपल्या तोंडून फुटलं तर त्या पोरीचं घरच सुटतं.

आता कामाचं. ओळखीतले दोघं खोली शोधताहेत, टिळकवाडी, वडगाव किंवा शहापूर. दोघंही नोकरीला, भाडं वेळेवर. जोडपं आहे, हे त्यांना विचारूनच लिहितेय. ॲडव्हान्स किती, पाणी कधी येतं, एवढं लिहून मला मेसेज करा. मालकाशी बोलायला मी येते.