कृत्रिम बुद्धिमत्ता आली म्हणून पहारा उठवता येत नाही

सायबर सुरक्षेविषयी एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता ९९ टक्के अचूकतेने हल्ला ओळखते, पूर्वी कधीही न झालेला हल्लाही तिच्या नजरेतून सुटत नाही, माणसासारखी ती फसत नाही आणि काही सेकंदांत हल्ला स्वतःच परतवून लावते, त्यामुळे सुरक्षा विभागात माणसे ठेवण्याचे दिवस संपले, असा त्याचा आशय आहे. यातल्या बहुतेक विधानांत थोडेफार तथ्य आहे आणि म्हणूनच ते पटकन पटते. पण त्यावर विसंबून एखाद्या संस्थेने माणसे कमी केली, तर नुकसान तिच्याकडे विश्वासाने माहिती सोपवलेल्या लोकांचे होईल. म्हणून हा दावा मुद्द्यामुद्द्याने तपासायला हवा.

आधी त्या ९९ टक्क्यांचा हिशेब करू. समजा, एखाद्या संस्थेच्या नेटवर्कवर दिवसाला १० लाख घटनांची नोंद होते आणि त्यांपैकी १० घटना खऱ्या हल्ल्याच्या आहेत. यंत्रणा खरा हल्ला १०० पैकी ९९ वेळा ओळखते आणि निर्दोष घटनेला १०० पैकी एकदाच चुकून हल्ला ठरवते, असे धरले, तर त्या दहाही घटना बहुधा सापडतील. पण उरलेल्या ९,९९,९९० निर्दोष घटनांपैकी जवळपास १०,००० घटनांवरही इशारा वाजेल. म्हणजे हजार इशाऱ्यांमागे खरा इशारा एक. प्रत्येक इशारा तपासायला दहा मिनिटे लागतात असे मानले, तर एका दिवसाचे इशारे निकाली काढायला आठ तासांच्या दोनशेहून अधिक पाळ्या लागतील. स्टेफान अ‍ॅक्सेल्सन या संशोधकाने घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणांची ही अडचण १९९९ मध्येच गणिताने मांडली होती आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल कितीही आधुनिक असले तरी ते गणित बदललेले नाही. याच उदाहरणात एकही इशारा न देणारी, पूर्णपणे मुकी यंत्रणा बसवली, तर ती दहा लाखांत फक्त दहा वेळा चुकेल, म्हणजे तिची ‘अचूकता’ ९९.९९९ टक्के भरेल! म्हणून अचूकतेचा नुसता आकडा सांगून कोणी उत्पादन विकत असेल, तर त्याला दिवसाला खोटे इशारे किती येतात आणि ते कोण तपासते, हे आधी विचारले पाहिजे.

आणि इशारा वाजला म्हणजे हल्ला थांबला, असेही नाही. २०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकी विक्रेत्या कंपनीतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते एका बाहेरच्या कंत्राटदाराच्या लॉगिनवरून. कंपनीच्या शोधयंत्रणेने त्या काळात इशारे दिले होते, पण पुढची कारवाई करण्याइतके ते गंभीर नाहीत, असा निष्कर्ष काढला गेला. यंत्राने आपले काम केले होते. कमी पडला तो इशाऱ्यानंतरचा निर्णय.

तो निर्णय कसा घेतला जातो, हे जवळून पाहिले तर दाव्यातली खरी उणीव दिसते. रात्री दोन वाजता एका कर्मचाऱ्याच्या खात्यातून परदेशातून लॉगिन होते आणि पाठोपाठ चार हजार फाइली डाउनलोड होऊ लागतात. मॉडेल या घटनेला शंभरपैकी ८७ गुण देते आणि थांबते. ड्युटीवरचा विश्लेषक तो माणूस दौऱ्यावर आहे का, त्याचा आजवरचा लॅपटॉप हाच का, फाइली त्याच्या कामाच्या आहेत की वेतन विभागाच्या, हे पाहतो आणि शेवटी थेट फोन लावतो. यातली निम्मी माहिती कोणत्याही लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदींत, नसते. ती सहकाऱ्यांना ठाऊक असते, रजेच्या अर्जात असते, किंवा परवाच्या बैठकीत कोणीतरी बोलून गेलेले असते.

कधीही न पाहिलेला हल्लाही ओळखता येतो, हा दुसरा दावा. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये घुसखोरी ओळखण्याचे जे प्रारूप मांडले, त्याची कल्पना अशी होती की नेहमीचे वर्तन शिकून घ्यावे आणि त्यापासूनचा फरक टिपावा. आजच्या बहुतांश ‘स्वतः शिकणाऱ्या’ यंत्रणांचा पायाही तोच आहे. पण फरक टिपणे आणि हेतू ओळखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वर्षअखेरीचा ताळेबंद करणारा लेखापाल रोजच्यापेक्षा फार वेगळा वागतो, तर चोरलेल्या खऱ्या पासवर्डाने कामाच्या वेळेत, सावकाश फिरणारा घुसखोर अगदी सामान्य दिसतो.

२०२० मधले सोलरविंड्स या नेटवर्क सांभाळण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचे प्रकरण आठवावे. हल्लेखोरांनी दूषित कोड कंपनीच्या अधिकृत, डिजिटल स्वाक्षरी असलेल्या अपडेटमध्येच घातला होता. आत गेल्यावर तो सुमारे दोन आठवडे गप्प राही आणि मग नेहमीच्या वाहतुकीसारखी दिसणारी देवाणघेवाण करी. तो अपडेट जवळपास १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला आणि त्यांच्याकडच्या संरक्षक साधनांना महिनोन्‌महिने पत्ता लागला नाही. धागा सापडला तो फायरआय या सुरक्षा कंपनीत. एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर पडताळणीसाठी दुसरा फोन नोंदवल्याची सूचना आली होती, म्हणून सुरक्षा विभागाने त्याला तो फोन तुझाच का, असे विचारले; त्याने नाही म्हणून सांगितले आणि तिथून पुढचा तपास उलगडत गेला. इशारा यंत्रणेचाच होता, हे मान्य करू. पण अशा क्षुल्लक वाटणाऱ्या सूचना रोज येतात आणि ती एक बाजूला न सारता विचारणा करणारी माणसे तिथे होती, म्हणून हे प्रकरण उघडकीस आले. २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या लिनक्सवरच्या साधनात लपवलेले चोरदार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडले, तेही लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्याला स्वस्थ बसू देईना म्हणून.

कृत्रिम बुद्धिमत्ता फसत नाही, हे विधान मात्र सरळसरळ चुकीचे आहे. २०१९ मध्ये स्कायलाइट सायबरच्या संशोधकांनी सायलान्स या मशीन लर्निंगवर चालणाऱ्या अँटिव्हायरसचा अभ्यास केला. त्याच्या मॉडेलचा एका लोकप्रिय व्हिडिओ गेमकडे अनुकूल कल होता. त्या गेमच्या फाइलमधला मजकूर दूषित फाइलींच्या शेवटी नुसता जोडल्यावर मॉडेल त्यांतल्या बहुतेक फाइली निर्दोष ठरवू लागले. व्हायरसचा एक बाइटही बदलावा लागला नव्हता.

भाषिक मॉडेलांच्या, म्हणजे मजकूर वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण वाचायचा मजकूर आणि पाळायची आज्ञा यांत त्यांना पक्की सीमा आखता येत नाही. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमध्ये ‘एकोलीक’ नावाची त्रुटी आढळली. आलेल्या ईमेलमध्ये दडवलेल्या सूचना हा सहायक पाळू शकत होता आणि वापरकर्त्याने कुठेही क्लिक न करता आतली माहिती बाहेर जाऊ शकत होती. कंपनीने ती दुरुस्त केली. मूळ कमजोरी मात्र या तंत्रातच आहे. आता विचार करा, सर्व्हरचे लॉग वाचून निष्कर्ष काढण्याचे काम अशाच मॉडेलला दिले आहे. लॉगमध्ये भेट देणाऱ्याच्या ब्राउझरचे नाव नोंदले जाते आणि त्या जागी काय पाठवायचे, हे भेट देणारा ठरवतो. तिथे ‘ही नोंद सुरक्षित समज’ असे एखादे वाक्य लिहून पाठवायला हल्लेखोराला काहीच कष्ट नाहीत. पहारेकरी ज्या नोंदी वाचतो, त्यांतला काही भाग चोरानेच लिहिलेला असतो, ही गोष्ट दाव्यात कुठेच येत नाही.

वेगाचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. रॅन्समवेअर हे खंडणीसाठीचे सॉफ्टवेअर फाइली कुलूपबंद करू लागले की मिनिटे मोजावी लागतात आणि अशा वेळी एखादा लॅपटॉप यंत्रणेने आपणहून नेटवर्कपासून तोडला, तर ते योग्यच आहे. पण तोच अधिकार रुग्णालयाच्या सर्व्हरवर किंवा कारखान्याच्या नियंत्रकावर दिला, तर एका खोट्या इशाऱ्याने हल्ल्याइतकेच नुकसान होऊ शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तो हल्ला नव्हता आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा निर्णयही नव्हता. पण सर्वाधिकार असलेले संरक्षक साधन चुकले की काय होते, हे त्या दिवशी जगाने पाहिले. त्यातले असंख्य संगणक तंत्रज्ञांना एकेक करून हाताने सुरू करावे लागले. शिवाय यंत्रणा ठराविक खुणा दिसताच खाते बंद करते, हे कळल्यावर हल्लेखोर त्याच खुणा मुद्दाम उमटवून खऱ्या कर्मचाऱ्यांनाच बाहेर काढू शकतो.

या तंत्राची प्रगती नाकारण्याचे मात्र कारण नाही. २०१६ मध्ये डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेची स्वयंचलित यंत्रणांची स्पर्धा जिंकलेली ‘मेहेम’ ही प्रणाली लगेच नंतर डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत माणसांच्या संघांसमोर उतरली आणि शेवटची आली. पण २०२४ मध्ये गुगलच्या ‘बिग स्लीप’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरमधली एक खरी त्रुटी ती आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच शोधली आणि २०२५ मधल्या डार्पाच्या स्पर्धेत आयोजकांनी मुद्दाम पेरलेल्या त्रुटींबरोबर खऱ्याखुऱ्या त्रुटीही संघांच्या प्रणालींनी शोधल्या. हे यश मोठे आहे. त्याच काळात कर्ल या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या, दिसायला नेटक्या पण निराधार त्रुटी-अहवालांमुळे स्वयंसेवकांचा वेळ वाया जात असल्याची तक्रार जाहीरपणे करत होते. शोधणे स्वस्त झाले की पडताळणीचे ओझे वाढते आणि ते आज तरी माणसांवरच पडते आहे.

त्रुटी सापडून, तिचा पॅच म्हणजे दुरुस्ती तयार होऊनही प्रश्न उरतो, तो पॅच लावण्याचा. इक्विफॅक्स या कर्जदारांची माहिती ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीतून २०१७ मध्ये सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली, ती अपाची स्ट्रट्स या वेबसाइटसाठीच्या सॉफ्टवेअरमधल्या ज्या त्रुटीतून गेली तिचा पॅच मार्चमध्येच उपलब्ध होता. हल्लेखोर मे महिन्यात आत शिरले. नेटवर्कवरची सांकेतिक वाहतूक तपासणारे उपकरणही तिथे बसवलेले होते; पण त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपून अनेक महिने झाले होते, त्यामुळे त्याला काहीच दिसत नव्हते. त्या उपकरणामागे जगातले सर्वोत्तम मॉडेल ठेवले असते, तरी त्याच्यापर्यंत तपासायला काही पोहोचलेच नसते. जुलैच्या अखेरीस कोणीतरी ते प्रमाणपत्र बदलले आणि संशयास्पद वाहतूक लगोलग नजरेस पडली.