वेटोळं तुटलं नाही म्हणजे माती पास?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, 'पाच मिनिटात माती पारखा' वाला. त्यात म्हटलंय की आसपासची चिकणमाती भिजवा, तिची वळी करून बोटाभोवती वेटोळं करा, तडा गेला नाही तर सिरॅमिकसाठी एकदम फर्स्ट क्लास, पांढरी असेल तर चिनी मातीच समजा, बरणीत पाणी घालून हलवलं की क्ले किती ते दिसतं, एका जागची मूठभर पुरते आणि लॅब म्हणजे नुसता खर्च.

आधी वेटोळ्याचं बघू, कारण बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. वेटोळं एवढंच सांगतं की मातीला आकार देता येतो, बास. बेंटोनाइटसारखी माती, म्हणजे ज्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं ती, या टेस्टमध्ये पहिला नंबर काढेल, पण ती पाणी थरांच्या आतपर्यंत ओढून घेते आणि वाळताना इतकी आकसते की भांडं भट्टीपर्यंत जायच्या आधीच तडकतं. आणि उलट, स्वच्छ जाड कणांच्या केओलिनचं, म्हणजे खऱ्या चिनी मातीचं, वेटोळं बऱ्याचदा मोडतं, तरी पोर्सिलेन तिच्यावरच उभं असतं! म्हणजे टेस्ट दोन्ही बाजूंनी फसते. त्यापेक्षा मातीची पट्टी करा, त्यावर बरोबर १० सेंमीची रेघ मारा, सावकाश वाळू द्या आणि रेघ परत मोजा. साधारण ५ ते ८ टक्के आकसली तर ठीक, १० च्या वर गेली तर ती माती एकटी वापरायचा नाद सोडा, वाळू नाहीतर ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) मिसळून परत बघा.

रंगाचं तर काय बोलणार. कच्च्या मातीचा रंग भट्टीत टिकेलच असं नाही. काळपट राखाडी बॉल क्ले (बारीक कणांची, सहज आकार घेणारी माती) भाजल्यावर पांढरट होते कारण काळेपणा सेंद्रिय पदार्थांचा असतो आणि तो जळून जातो, हिरवट राखाडी माती लाल निघू शकते कारण लोह आत दडलेलं असतं, आणि पांढरी दिसणारी माती निव्वळ चुनकट असू शकते.

आणि चुन्याबद्दल त्या मेसेजमध्ये अक्षर नाही, माझ्या मते हीच सगळ्यात मोठी गफलत. मातीत चुनखडीचे बारके खडे असले तर ८०० ते ९०० अंशाला त्यांचा कळीचा चुना होतो, भांडं भट्टीतून मस्त बाहेर येतं, लोक फोटो टाकतात, आणि मग काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, तो चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वरचे टवके उडवतो. टेस्ट सोपी आहे, कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुना आहे. अगदी बारीक पसरलेला चुना एवढा त्रास देत नाही, खड्यांची भानगड आहे, म्हणून माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळायची.

बरणीवाली टेस्ट कणांचा आकार दाखवते, खनिज नाही. बारीक क्वार्ट्झची धूळपण वरच्या थरात बसते.

एक मूठ? अहो, एकाच खाणीत मीटरभर खाली वेगळाच थर लागतो. वरची मुळं-पाल्याची माती बाजूला करा, चार-पाच ठिकाणांहून, वेगवेगळ्या खोलीवरून सॅम्पल घ्या आणि आधी सगळे वेगवेगळेच तपासा, एकत्र कालवलेत तर कुठला थर वाईट ते कधीच कळणार नाही.

लॅबच्या बाबतीत मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे, पहिल्याच दिवशी रिपोर्ट मागवायची गरज नाही. आणि नुसतं एक्सआरएफ (कुठलं मूलद्रव्य किती ते सांगणारी एक्स-रे टेस्ट) केलंत तर सिलिका किती ते कळेल पण ती वाळूतली की क्लेमधली ते नाही, त्याला एक्सआरडी (खनिजं ओळखणारी एक्स-रे टेस्ट) लागतं. पण हे सगळं नंतर, आधी भट्टी. एकाच मातीचे तुकडे ९५०, १०५० आणि ११५० अंशाला वेगवेगळे भाजा, वजन करा, पाण्यात दोनेक तास उकळा, तसेच पाण्यात गार होऊ द्या, वरचं पाणी पुसून परत वजन करा. वाढलेलं वजन म्हणजे आत शिरलेलं पाणी. ३ टक्क्यांच्या आत असेल तर स्टोनवेअरचा, म्हणजे पाणी फारसं न पिणाऱ्या घट्ट भांड्यांचा, विचार करता येतो, १० च्या पुढे असेल तर ती सच्छिद्र अर्दनवेअर, म्हणजे कुंड्या-माठांसारखी. फक्त ११५० ला भाजताना तुकडा एखाद्या जुन्या उष्णतारोधक ताटलीत ठेवा, लोह जास्त असलेली माती तिथे वितळून भट्टीच्या शेल्फला कायमची चिकटू शकते.