‘धंदा’ म्हणणाऱ्या संत्राबर्फी यांना

संत्राबर्फी, तुमची कमेंट वाचली. दोनदा वाचली. एकदा सकाळी तर्री-पोहे खाता खाता, आणि एकदा रात्री, राग बसला का ते पाहायला. बसला नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की अनऑफिशियल फॅन साइटवर देणगीचा क्यूआर कोड लावायच्या आधी कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि इन्कम टॅक्स एवढं तरी बघून घ्या. त्यावर यांचं म्हणणं असं की नफा नाही तर कायदा लागतच नाही, खाली ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ लिहिलं की विषय संपला, गणपतीची वर्गणी घेतो तशीच ही वर्गणी, अमेरिकेच्या केसेस नागपुरात कशाला आणता, कायद्याचं सालसुद्धा चुकलंय, आणि माझ्याच पोस्टवरच्या फोटोखाली ‘साभार : इंटरनेट’ लिहिलंय. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देतो : “वकील नसताना लोकांना घाबरवायचा धंदा बंद करा.”

आधी साल. हव, चुकलं. मी १९५६ लिहिलं, कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. दुरुस्त केलं, धन्यवाद. कोणी चूक दाखवली तर मी मानतो, इथले जुने वाचक सांगतील.

आता ‘धंदा’.

मी विदर्भाच्या रणजी टीमची फॅन साइट चालवली, आणि ती कधीपासून, तर विदर्भाला कोणी विचारत नव्हतं तेव्हापासून. मामाकडे पेपरच्या कात्रणांची जाड फाइल होती, ती बर्डीवरच्या एका झेरॉक्सवाल्याकडे नेऊन मी पान पान स्कॅन केली, त्याच्या मशीनच्या काचेवर डिंक लागला म्हणून त्याचं बोलणं खाल्लं. ऑफिसमधून आल्यावर रात्री एक-एक वाजेपर्यंत स्कोअरकार्ड टाइप केले. बायको म्हणायची एवढा अभ्यास कॉलेजात केला असता तर. हा धंदा? धंद्यात माणूस पैसे कमावतो बाप्पा, मी डोळे घालवले.

मग १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला आणि माझी साइट त्या रात्री बसली, एवढे लोक आले. वाचकच म्हणाले की दादा चांगलं होस्टिंग घ्या, आम्ही पैसे देतो. लावला क्यूआर. ११, ५१, १०१ असे यायचे, मेसेजमध्ये ‘जय विदर्भ’. हिशोब चोख पाहिजे म्हणून मी होमपेजवरच तक्ता टाकला, या महिन्यात जमा इतके, होस्टिंगला गेले इतके, शिल्लक इतकी. वर्षभरात १७,३४० रुपये जमा झाले. त्या तक्त्याचा मला अभिमान होता.

आणि मग मेलवर नोटीस आली. कोणाची ते सांगणार नाही. फायनलमधल्या आपल्या बोलर गुरबानीच्या हॅटट्रिकचे चार फोटो मी एका ठिकाणावरून उचलून लावले होते, खाली व्यवस्थित ‘साभार’ लिहून. नोटिशीला तीन जोडपत्रं होती. पहिल्यात माझ्या पानांचे स्क्रीनशॉट, दुसऱ्यात त्यांचे मूळ फोटो, आणि तिसऱ्यात काय असेल? माझा तो हिशोबाचा तक्ता. वर पिवळ्या रंगाने ‘जमा’ हा शब्द हायलाइट केलेला. पत्रात लिहिलं होतं की सदर संकेतस्थळ छायाचित्रांच्या आधारे आर्थिक लाभाचा व्यवसाय करत आहे. व्यवसाय म्हणजे धंदाच ना? तेव्हा त्यांनी म्हटलं, आता तुम्ही म्हणता. फरक एवढाच की त्यांनी लेटरहेडवर म्हटलं आणि खाली सही केली, तुम्ही बर्फीच्या नावामागे लपून म्हणता.

मागितले एक लाख वीस हजार. सिव्हिल लाइन्सला एका वकिलांकडे गेलो, त्यांना छाती फुगवून सांगितलं की साहेब मी एक रुपया नफा कमावला नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “फोटो तुम्ही काढले?” नाही. “परवानगी घेतली?” नाही. “मग नफ्याचं काय सांगता?” शेवटी ३५ हजारात मिटलं, वकिलांची फी वेगळी. १७ हजार जमवले आणि ३५ भरले, असा धंदा तुम्हीही करून बघा एकदा.

तर हो, मी वकील नाही. पण फी भरून शिकलोय, आणि जे शिकलो ते फुकट सांगितलं तर म्हणे घाबरवतो. अहो, घाबरवायचंच असतं तर मागच्या पोस्टमध्ये कलम ६३ लिहिलं असतं. मुद्दाम नव्हतं लिहिलं. आता तुम्ही काढायलाच लावलं तर घ्या : जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख, आणि हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. तुमचं ते ‘नफा नाही’ त्या कलमात येतं, पण कुठे येतं ते बघा ना. व्यापारधंद्यातल्या लाभासाठी केलं नसेल तर कोर्ट विशेष कारण देऊन शिक्षा कमी करू शकतं, एवढंच. म्हणजे नफा नाही हे शिक्षा ठरवताना बोलायचं वाक्य आहे, त्याच्या आधी तुम्ही दोषी ठरलेले असता. खरी सूट कलम ५२ मध्ये आहे, स्वतःचा खासगी वापर, टीका किंवा समीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. अख्खी गॅलरी लावून खाली क्यूआर ठेवणं यातल्या कशात बसवता ते सांगा. स्कोअरकार्डाचं वेगळं, कोणी किती रन काढले हे कोणाच्या मालकीचं नसतं, फोटो असतो. आणि ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ असं तुम्ही स्वतःच खाली लिहिता, म्हणजे माल दुसऱ्याचा आहे हे माहीत होतं याची कबुलीच देता की. ‘बे’ म्हणायची इच्छा होतेय, टाळतो.

वर्गणीचं म्हणाल तर गणपती मंडळालाही वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून ‘४१ क’ ची परवानगी काढावी लागते, विचारा तुमच्या मंडळाच्या अध्यक्षांना. फॅन साइटच्या होस्टिंगला ते लागत नाही हे मला कळतं, पण त्याच क्यूआरवर उद्या ‘गरजू खेळाडूंना मदत निधी’ लिहिलंत की गोष्ट बदलते. टॅक्समध्येही लोक एक गंमत करतात, पन्नास हजारापर्यंत माफ म्हणजे प्रत्येक देणाऱ्यामागे पन्नास असं धरतात. तसं नाही, नातेवाईक सोडून वर्षभरात सगळ्यांकडून मिळून पन्नास, आणि त्याच्या वर गेलं की वरचं नाही, सगळंच उत्पन्नात धरतात. तेही ते पैसे गिफ्ट मानले तर. न्यू जर्सीतला आपला पोरगा डॉलर पाठवत असेल तर त्याला आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून पाठवले तर ठीक, अमेरिकेचा घेतला असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी परदेशी देणगीच्या कायद्यात तो परदेशीच.

अमेरिकेच्या केसेस कशाला? कारण ही गोष्ट तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. स्टार ट्रेक या अमेरिकन मालिकेवर चाहत्यांनी काढलेल्या फॅन फिल्म वर्षानुवर्षं चालल्या, कोणी हात लावला नाही. एका फॅन फिल्मने लोकांकडून दहा लाख डॉलरच्या वर जमवले आणि डिसेंबर २०१५ मध्ये स्टार ट्रेकच्या मालक कंपन्या कोर्टात गेल्या. नंतर त्यांनी फॅन लोकांसाठी नियम काढले, त्यात फिल्म किती मिनिटांची हेही आहे आणि वर्गणी पन्नास हजार डॉलरच्या वर नको हेही आहे. प्रेम करा म्हणाले, पेटी फिरवताना आम्हाला विचारा. नागपूर काय नि लॉस एंजलिस काय.

ट्रेडमार्कवर तुम्ही काही बोललाच नाहीत, म्हणून मीही सोडतो. फक्त टीमचं नाव घेणं वेगळं आणि त्यांचा लोगो आपल्या हेडरमध्ये चिकटवणं वेगळं, हे ज्यांनी लोगो चिकटवलाय त्यांना कळेल. मीही चिकटवला होता, कोणी काही म्हणायच्या आधी काढला.

राहिलं माझ्या पोस्टवरच्या फोटोचं. या ब्लॉगवर क्यूआर आहे तो माझ्या लिखाणासाठी आहे, लिखाण माझं आहे, त्याची तुलना इथे होत नाही. तो फोटो काल रात्री काढलाय. तुमच्या कमेंटमुळे नाही, तसाही ब्लरच होता.