ओरिजिनल कुठलं, हे ठरवण्याची खानदेशी रीत

भरीत पार्टीला वांगी दुसऱ्याने आणावीत; गाण्यांविषयीची मतं मात्र आपण घरून घेऊन जावीत. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजून होईपर्यंत हात रिकामे असतात, आणि तेवढ्यात कोणीतरी स्पीकर काढून जुन्या गाण्याचं नवं व्हर्जन लावतोच. पहिल्या दोन सेकंदांत मान हलवा, आडवी. पूर्ण ऐकू नका. ऐकलं तर आवडण्याचा धोका असतो.

मग विचारा, "हाई गानं कोनतं शे, भो?" माहीत असलं तरी विचारायचं. 'कांटा लगा' निघालं की 'समाधी', 1972, लता, पंचम हे एका दमात म्हणून टाका. फक्त आजूबाजूला बघून. 2002च्या रिमिक्सवर ज्यांनी वराती गाजवल्या ती पोरं आता चाळिशीत आहेत. त्यांच्या लेखी ओरिजिनल म्हणजे तो रिमिक्स, त्यानंतरचा सगळा ऱ्हास. त्यांच्यापुढे लता काढलीत तर भरीत तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

कॉपीराइटचा कायदाही जिभेवर असू द्या. 2012च्या दुरुस्तीपासून, मालकाच्या मर्जीशिवाय नुसत्या कायदेशीर परवान्यावर कव्हर, म्हणजे गाण्याचं नवं व्हर्जन, काढायचं तर मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं व्हावी लागतात, आणि तांत्रिक गरजेपलीकडे बदल चालत नाही. आमच्या गावच्या डीजेच्या मते बेस ही तांत्रिक गरजच आहे.

हुकमाचं पान शेवटी टाका. कोणी पोरगी गिटारवर 'अरे संसार संसार' म्हणू लागली की कडाडा: "ओरिजिनल ऐक! 'मानिनी', 1961, वसंत पवार!" बहिणाबाई त्याआधी दहा वर्षं गेल्या होत्या, लिहिता येत नसलेल्या त्या बाईच्या ओव्या सोपानदेवांनी उतरवून ठेवल्या म्हणून उरल्या, आणि जात्याला रेकॉर्डिंगची सोय नव्हती, असले तपशील माहीत असतील तर ठेच्याबरोबर गिळून टाका. आपण सोळाव्या वर्षी रेडिओवर ऐकलं ते ओरिजिनल. वाद संपला.

चुलीपाशी बहिणाबाईंच्या माहेरची, आसोद्याची आत्या कळण्याची भाकरी थापता थापता तीच ओवी गुणगुणत असेल. चाल सिनेमातली नाही, गिटारवरचीही नाही. भाकरी उलटताना मध्येच थांबते, पापुद्रा सुटला की पुढे सरकते. चाल चुकतेय, हे तिला नम्रपणे सांगायला हवंच.

आधी भरीत वाढून होऊ द्या.